बायनाबाईचं खारं रान

समुद्र पहिल्यांदा पाहिला तेव्हा बायनाबाई त्याच्यावर चिडली होती. मी शेजारीच उभी होते. पण ती तिथं कशी पोचली, ते आधी सांगायला हवं.

मी बीड जिल्ह्यातल्या कडा गावची. माझी आई वत्सलाबाई आमच्या गल्लीतल्या महिला दूध संस्थेची अध्यक्ष. मी शिकले आणि रत्नागिरीच्या खाली एका संशोधन प्रकल्पावर नोकरीला लागले. काम समुद्री शेवाळाच्या शेतीचं. गावात हे कुणाला सांगायची सोय नव्हती. "शेवाळ तर आमच्या हौदात बी येतंय, त्याला शाळा कावून शिकायची?" असं एकदा ऐकून घेतल्यावर मी नुसतं "सरकारी प्रकल्प" म्हणायला लागले.

अठरा सालच्या दिवाळीत घरी गेले. पाऊस कधीच दगा देऊन गेला होता. कापूस गुडघ्याएवढा होऊन थांबलेला, विहिरींचे तळ दिसत होते. सकाळी दूध घालायला आलेली बायनाबाई आमच्या ओट्यावर टेकली. पन्नाशीची, उंच, आवाज असा की गल्लीच्या दुसऱ्या टोकाला भांडण चाललंय असं वाटावं, आणि ती मात्र नुसती खुशाली विचारत असायची. नवरा आश्रुबा, एक गाय, बैलजोडी. लग्न झाल्यापासून दर साली दोघं ऊसतोडीला जायची. त्या साली मात्र आश्रुबाचं हर्नियाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी वजन उचलू नका म्हणून बजावलं. ऊसतोडीत कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक. अर्धा कोयता मुकादम घेत नाही.

"पोरी, तू समुद्रात काय करायलीस म्हणं?" तिनं विचारलं.

"शेवाळ पिकवते, मावशी."

"पाण्याच्या पाळ्या किती?"

"पाळ्या नाहीत. ते पाण्यातच असतं."

"खत?"

"नाही."

"नांगरट?"

"जमीनच नाही. बांबूच्या तराफ्याला दोऱ्या बांधायच्या, दोऱ्यांना रोपं. दीड महिन्यात काढणीला येतं."

बायनाबाईनं माझ्याकडं नीट बघितलं, मग आईकडं. "वत्सलाबाई, पोरीची दिष्ट काढा."

आई हसली. बायनाबाई हसली नाही. रिकामी किटली हातात फिरवत ती बराच वेळ बसली आणि जाता जाता दारात थांबून म्हणाली, "बाया लागत्यात का तिथं?"

लागत होत्याच. आमच्याकडच्या कोळणींचा गट चांगला होता, पण आंब्याच्या बागांची कामं निघाली की अर्ध्या जणी तिकडं जायच्या आणि तराफे तसेच पडायचे. मी प्रकल्पप्रमुख मोहनराव सरांना फोन केला. त्यांनी एकच विचारलं, "पोहता येतं का त्यांना?" मी खरं ते सांगितलं. ते म्हणाले, "मग लाईफ जॅकेट मोठ्या मापाचं आणून ठेवतो."

आश्रुबा बैलांपाशी थांबला, आणि बायनाबाई संक्रांतीनंतर एसटीनं नगर, पुणे करत रत्नागिरीला उतरली. पिशवीत भाकरी, ठेचा, आणि का कोण जाणे, स्वतःचा कोयता.

मी तिला थेट किनाऱ्यावर नेलं. मला वाटलं, बाई हरखून जाईल. कपिलधारचा धबधबा सोडला तर तिनं मोठं पाणी पाहिलेलं नव्हतं, आणि त्या साली तिथंही नुसता ओला खडक राहिला होता. ती वाळूतून तरातरा पुढं गेली, ओंजळ भरली, तोंडात घेतली आणि थुंकली. मग थोडं उजवीकडं जाऊन पुन्हा चाखलं. मग खडकाच्या पलीकडं.

"सगळंच खारं हाय?"

"सगळं."

"आत, लांब, तिकडं?"

"तिकडंही."

"एवढं पाणी," ती म्हणाली, "एवढं पाणी, अन् एक तांब्या कामाचा न्हाई." तिच्या चेहऱ्यावर कुणीतरी फसवल्याचा राग होता. पुढचे काही दिवस ती समुद्राकडं पाठ करून जेवायला बसायची.

शेवाळाशी मात्र तिची लगेच ओळख पटली. आम्ही लावत होतो ती जात लालसर तपकिरी, जाड, गुळगुळीत फांद्यांची. तिनं एक फांदी हातात घेतली आणि ओरडली, "आगं, ही तर शेराची काडी!" आमच्याकडं बांधावर शेराचं कुंपण असतं, अगदी तशीच ती दिसते. मी इतकी वर्षं तिचं लॅटिन नाव घोकत होते, पण त्या दिवसापासून प्रकल्पावर सगळेच तिला शेरकाडी म्हणायला लागले. मोहनराव सरसुद्धा.

पहिल्या दिवशी बायनाबाईनं सगळ्यांच्या आधी आपली दोरी बांधून संपवली आणि ऐटीत बसून राहिली. सकाळी बघतो तर तिची निम्मी रोपं गाठीपाशी तुटून गेलेली. उसाची मोळी आवळणारे हात ते, त्यांनी शेरकाडीचा गळाच आवळला होता.

"मावशी, गाठ सैल हवी," मी म्हणाले. "ती फुगते, वाढते. तिला जागा लागते."

"किती सैल?"

मी बोटांनी माप दाखवायला लागले. शेजारी बसलेली कोळीण ताराबाई म्हणाली, "बाळाच्या करगोट्याएवढी. पोट भरल्यावर काचता नये."

"असं सांग की मग," बायनाबाई म्हणाली, आणि तिथून तिची न् ताराबाईची मैत्री जमली. ताराबाई तिला बांगडा खायला लावायची आणि ही तिला ठेचा. दोघींच्याही डोळ्यांत पाणी यायचं, कारणं वेगळी.

मग फेब्रुवारीत ते घडलं.

दूरच्या किनाऱ्यावरून नवं बियाणं आलं होतं. ताज्या, निवडलेल्या फांद्या, ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या. दुपार झाली होती आणि ओहोटी. भरतीशिवाय तराफ्यापर्यंत होडी जाणार नव्हती. बियाणं शेडमध्ये ठेवलं, आणि मी बायनाबाईला सांगून गेले, "मावशी, यावर अधूनमधून पाणी शिंपडत राहा. वाळू द्यायचं नाही."

समुद्राचं पाणी, असं म्हणायचं माझ्या तोंडून राहिलं. ते सांगायची गरज कुणाला कधी पडलीच नव्हती.

बायनाबाईनं विचार केला. बियाणं लांबून आलंय, उन्हानं कासावीस झालंय, आणि त्याला ते खारं पाणी द्यायचं? शेडच्या मागं पिण्याच्या पाण्याचा ड्रम होता. तिनं त्यातलं थंड, गोड पाणी काढलं आणि गोणपाट हलक्या हातानं भिजवलं. तेवढ्यानं समाधान होईना, तर फांद्या घमेल्यात घेऊन चक्क बुडवून ठेवल्या. ड्रममध्ये पाणी बेताचंच असायचं. स्वतःच्या अंघोळीचं पाणी तिनं त्यात घातलं होतं, हे मला नंतर कळलं.

भरतीला आम्ही गेलो तेव्हा फांद्यांचा रंग उतरायला लागला होता. दुसऱ्या दिवशी त्या पांढऱ्या, लिबलिबीत झाल्या. उचलावं तर हातातून गळून पडायच्या. समुद्रातल्या या वनस्पतीला मीठच सावरून धरतं. गोड पाण्यात तिच्या पेशी फुगून फुटतात.

बायनाबाईला कुणी रागावलं नाही. तेच तिला सोसलं नसावं. ती घमेल्यापाशी बसली आणि तिचा तो गल्ली हलवणारा आवाज कुठल्या कुठं गेला.

"गोड पाण्यानं मेलं?" ती पुन्हा पुन्हा विचारत होती. "पोरी, गोड पाण्यानं?"

मोहनराव सर तिच्यासमोर उकिडवे बसले. "बाई, चूक आमची आहे. आम्ही समुद्राकाठी राहून राहून धरून चालतो की हे सगळ्यांना माहीत असतं."

तिनं मान हलवली, पण संध्याकाळी पिशवी भरली आणि कुणाला न सांगता एसटी स्टँडवर जाऊन बसली. मी शोधत गेले तेव्हा पुण्याची गाडी लागलेली होती आणि ती बाकड्यावरून हलली नव्हती.

"गाडी सुटंल मावशी," मी म्हणाले.

"सुटू दे." पिशवी पायाशी ठेवत म्हणाली, "आमच्यात पेरणी मोडली तर माणूस दुबार पेरतंय. रान सोडून पळत न्हाई कुणी." मग माझ्याकडं वळून, "बी कुठून आणायचं आता?"

बियाणं पुन्हा मागवायचं तर हंगाम निघून गेला असता. पण तिच्या त्या प्रश्नानं मला एक गोष्ट सुचली. शेरकाडीचा इवलासा तुकडाही जगला तर त्याचं झाड होतं. हीच तिची खोडही आहे. ही जात आपल्या किनाऱ्याची नाही. तुटलेले तुकडे खडकावर जाऊन रुजले तर तिथल्या शेवाळाची जागा बळकावतील, म्हणून आम्ही तराफ्याखाली बारीक जाळं लावायचो आणि ओहोटीला खडक धुंडाळून चुकार तुकडे वेचायचो. वेचलेलं मोजून टाकून द्यायचं, असा शिरस्ता. प्रकल्पावर सगळ्यात कंटाळवाणं काम तेच. आता तेच तुकडे बी म्हणून लावावेत, असं मी तिला सांगितलं.

"म्हंजी खुरपणी," बायनाबाई म्हणाली. ती बाकड्यावरून उठलीच.

दुसऱ्या ओहोटीपासून ती आणि ताराबाई खडकांत उतरल्या. बायनाबाईच्या लुगड्याचा ओचा खोचलेला, अंगावर ते केशरी जॅकेट, कमरेत वाकलेली. तीस वर्षं उसाच्या फडात वाकलेली कंबर ती. कालवांच्या धारेनं बोटं कापायची, खेकडे चावायचे, आणि ती खेकड्यांना बीड जिल्ह्यातल्या शिव्या द्यायची. खडकांवर तुकडे थोडेच निघाले, आणि सर त्यावर खूश होते. म्हणजे जाळी काम करत होती. जाळ्यांत मात्र पुष्कळ सापडले. निरोगी तेवढे आम्ही निवडले, बादलीत समुद्राचं पाणी घेऊन त्यात ठेवले. बायनाबाई प्रत्येक बादलीत बोट बुडवून चाखायची, खारं आहे ना म्हणून. तिला पाहून सगळेच चाखायला लागले.

त्या वेचलेल्या तुकड्यांचा एक तराफा झाला. महिन्यानं त्याचे तीन झाले. एप्रिलमध्ये होडीतून वाकून पाहिलं तर दोऱ्या दिसेनाशा झाल्या होत्या. लाल झुडपांच्या सावलीत माशांची पिल्लं शिरली होती, कोळंबी होती, इवले खेकडे होते. शेवाळ पाण्यात विरघळलेला कार्बन घेऊन वाढतं, प्राणवायू सोडतं, आणि वर लहान जिवांना घर देतं, हे मी अनेकदा व्याख्यानात सांगितलंय. बायनाबाई पाण्यात बघत म्हणाली, "लेकुरवाळं रान हाय गं." समुद्राकडं पाठ करून जेवायचं तिनं कधी सोडलं, ते माझ्या लक्षात आलं नाही.

मे महिन्यात पावसाळ्याआधी तराफे काढले. वाळवलेली शेरकाडी मिठानं पांढरी दिसते. त्यातली एक गोणी सरांनी तिला दिली, आणि मीही सुट्टी काढून तिच्याबरोबर गावी निघाले.

गावाकडं दुष्काळामुळं गुरांच्या चारा छावण्या लागल्या होत्या. आश्रुबा बैलांसकट तिथंच राहत होता. बायनाबाईनं गोणी उघडली तेव्हा भोवती माणसं जमली.

"एवढ्या लांब जाऊन सरपण आणलंस व्हय?" आश्रुबा म्हणाला.

"सरपण न्हाई. खायाचं हाय."

"तू खाल्लंस?"

"पापड्या करून, भज्यात घालून. जित्ती हाय न्हवं मी?"

पण गावात खाणार कोण? वासानंच लोक मागं सरकत होते. शेरकाडीतून निघणारा चीक दूध घट्ट धरतो, आइस्क्रीमपासून टूथपेस्टपर्यंत सगळीकडं तो असतो, हे मी सांगून पाहिलं. कुणाला पटलं नाही. तेव्हा आई म्हणाली, "आमिनाबीला दाखवा."

आमिनाबी कड्याच्या बाजारात फळांचा गाडा लावायची आणि रमजानात घरी मिठाई करून विकायची. तिच्या चायना ग्रासच्या वड्यांना आष्टीहून गिऱ्हाईक यायचं. रोजे चालू होते. तिनं कोरडी काडी बोटांत मोडली, डोळ्यांजवळ नेली.

"हे चायना ग्रास पण असंच कशाचं तरी असतं का?"

"तेही समुद्रातलं शेवाळच, आमिनाबी. जात वेगळी."

"या अल्ला! इतकी वर्सं मी शेवाळ खिलवायले लोकांना?" आणि ती एवढी हसली की गाड्यावरची कलिंगडं हलली.

यंदा तिची पंचाईत होती. चाऱ्याअभावी गावातलं दूध पातळ आणि थोडं. नेहमीच्या वड्या नीट बसत नव्हत्या. "करून बघू," ती म्हणाली.

पहिला घाणा फसला. शेरकाडी नीट न धुता उकळली, आणि असा वास सुटला की गल्लीतली मांजरं दारात ओळीनं बसली. आमिनाबीला रोजा असल्यानं चाखता येत नव्हतं, ते बरंच झालं. बायनाबाईनं चाखलं आणि समुद्राच्या पाण्यासारखं थुंकून टाकलं.

धुवायला हवं होतं, चांगलं चार-पाच पाण्यांतून. आणि पाणी टँकरचं. एका वडीसाठी बायकांच्या वाट्याचं पाणी ओतायचं, हे दोघींनाही जमेना. आई म्हणाली, राहू द्या, पाऊस पडल्यावर बघू. पण बायनाबाई पहिल्या धुण्याच्या पाण्याकडं बघत होती.

"हे मिठाचंच हाय न्हवं? कडब्यावर आपण मीठपाणी शिंपडतोच की. गुरं चवीनं खात्यात."

मी म्हटलं, थोडंच, गाळून, आणि साधं पाणी मिसळून. पहिलं पाणी कापडातून गाळून छावणीतल्या कोरड्या कडब्यावर गेलं. आश्रुबाचे बैल वैरण चाटून पुसून खायला लागले. मधल्या धुण्यांचं पाणी पुढच्या काडीच्या पहिल्या धुण्याला वापरलं. शेवटचं, जवळजवळ गोड झालेलं पाणी अंगणातल्या कडुलिंबाला. एक थेंब वाया गेला नाही, असं दोघी नंतर सगळ्यांना सांगत होत्या. थोडं वाया गेलं, ते मी पाहिलं.

दुसऱ्या वेळी धुतलेली काडी मंद आचेवर तासभर शिजली, चीक गाळला, तो दुधात ढवळला, साखर, वेलदोडा. परातीत ओतलं. बायनाबाई दर घटकेला परात हलवून बघायची आणि आमिनाबी तिच्या हातावर चापट मारायची. संध्याकाळच्या मगरिबच्या नमाजाआधी वडी बसली. पांढरी, लुसलुशीत, खरवसासारखी थरथरणारी. पातळ दुधाची होती यावर कुणाचा विश्वास बसला नसता.

अजान झाली. आमिनाबीनं खजूर खाल्ला, पाणी प्यायलं, मग वडीचा तुकडा तोंडात टाकून डोळे मिटले. आम्ही सगळ्या तिच्या तोंडाकडं बघत.

"वास?" बायनाबाईनं विचारलं.

"कसला वास? आणखी आण."

त्या रमजानात गोणी संपली. दूध संस्थेतलं उरलंसुरलं दूध आमिनाबीच्या परातीत जायला लागलं, आणि ईदेच्या दिवशी आश्रुबा छावणीतून तिच्या घरी शीरखुर्मा प्यायला आला तेव्हा त्यानंच तीन वड्या संपवल्या. सरपण म्हणालेला, त्याची आठवण बायनाबाईनं त्याला तिथंच सगळ्यांसमोर करून दिली.

त्याच साली परतीचा पाऊस भरपूर झाला. मुकादम दारात आला, आश्रुबा बरा झाला होता, कोयता पुरा होता. बायनाबाई म्हणाली, "यंदा ऊस न्हाई. समुद्र." मुकादमाला वाटलं, कुठल्या नव्या कारखान्याचं नाव असेल.

तिनं गल्लीतल्या सात-आठ बाया गोळा केल्या. आईचं म्हणणं पडलं की मजूर म्हणून जाऊ नका, संस्था म्हणून जा. दूध संस्थेच्या पोटनियमात बदल करायचा ठरला. तालुक्याच्या कार्यालयातला साहेब भला होता, पण गोंधळला. "कार्यक्षेत्र काय लिहू? कडा, आष्टी… आणि?"

"समुद्र लिवा," बायनाबाई म्हणाली.

"कोणता?"

"एकच हाय की साहेब. मी बघून आले."

शेवटी ताराबाईच्या गटाशी भागीदारी, अशी वाट निघाली. काही तराफे कोळणींचे, काही आमच्या बायांचे. वाळलेला माल अर्धा तिथं विकायचा, अर्धा कड्याला आणायचा. सगळं सुरळीत झालं असं नाही. एका साली पाणी जास्त तापलं आणि शेंड्यांना पांढरा रोग आला. एका साली टाळेबंदीत बाया तिकडंच अडकल्या आणि महिनाभर ताराबाईच्या पडवीत राहिल्या. आमचा प्रकल्प मुदत संपून बंद झाला. मी दुसऱ्या किनाऱ्यावर गेले. तराफे मात्र चालू राहिले, कारण आता ते प्रकल्पाचे नव्हते. आमिनाबीची वडी नगरपर्यंत जाते. डब्यावर कसलं चित्र छापायचं यावरून तिची आणि बायनाबाईची अजून भांडणं चालू आहेत.

गेल्या हंगामात मी मुद्दाम भेटायला गेले. भरती उतरत होती. आमच्या गल्लीतून आलेल्या नव्या दोन सुना लाटांच्या काठावर संकोचून उभ्या होत्या, पदर सावरत, पाय भिजू नयेत म्हणून मागं सरत. बायनाबाई पाण्यातून ओरडली, तोच तो गल्ली हलवणारा आवाज, लाटांच्या वरचा:

"अगं वर घ्या की लुगडी, गुडघ्यापत्तुर! इथं कोण हाय तुमच्या सासरचं? मासं बघत्यात, बघू द्या!"

सुना हसल्या, त्यांनी लुगडी वर खोचली, आणि एकमेकींचा हात धरून पाण्यात शिरल्या.